उतरणाऱ्याने जागा सोडायची नाही

आमच्या घरात एक कोनाडा आहे. त्यात बुद्धाची छोटी मूर्ती आहे आणि तिच्या बाजूला रेल्वेचं टाइमटेबल. लहानपणी मला दोन्ही गोष्टी सारख्याच पवित्र वाटायच्या, कारण दोन्हींना हात लावायच्या आधी बाबा हात धुवायला लावत.

बाबा गार्ड होते. परभणीकडच्या खेड्यातून सिकंदराबादला आले, आधी मालगाडीवर, मग पॅसेंजरवर, शेवटची काही वर्षं लांबच्या गाड्यांवर. आमच्या घराण्यात दर महिन्याला पगार घेऊन येणारा पहिला माणूस. ज्या रेल्वेने हा पगार दिला तिच्याबद्दल त्यांच्यासमोर वाकडा शब्द काढायची सोय नव्हती, आजही नाही. गाडी उशिरा आली तरी ते आमच्यावरच डाफरतात.

त्यांनी घरात स्टेशनचे तीन नियम घालून दिले होते. पहिला, माणूस गाडीने येणार असेल तर त्याला घ्यायला कुणीतरी गेलंच पाहिजे. दुसरा, सोडायला गेलेल्याने शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत फलाटावर थांबायचं. हा नियम का, ते उघड आहे. शेवटच्या डब्यात बाबा असायचे आणि आई आम्हाला कडेवर घेऊन त्या डब्याची वाट बघायची. तिसरा नियम सगळ्यात कडक. उतरणाऱ्याने आपल्या डब्यापासून हलायचं नाही, घ्यायला आलेल्याने शोधत यायचं. लग्नानंतर आई पहिल्यांदा एकटी इथे आली तेव्हा ती बाबांना शोधायला निघाली आणि बाबा तिला शोधायला. दोघं अर्धा दिवस एकाच स्टेशनात एकमेकांच्या मागे फिरत राहिले. आई ट्रंक उचलून रडायच्या बेताला आली होती म्हणे. त्या दिवसापासून हा नियम झाला. लग्नानंतर माझ्या नवऱ्यालाही बाबांनी तो समोर बसवून शिकवला होता.

नवरा फौजेत हवालदार आहे. तोही मराठवाड्यातलाच. लग्नाच्या वेळी त्याची पोस्टिंग इथेच सिकंदराबादच्या छावणीत होती, म्हणून तर स्थळ आलं. पुढे बदल्या होत गेल्या. मला आबिड्सला पोस्टात नोकरी लागलेली, त्यामुळे मी इथेच राहिले. आई गेल्यावर बाबा आणि मी, आणि मुलगी नांदेडला होस्टेलवर जाईपर्यंत मुलगी. माझा संसार असा सुट्टीसुट्टीने झाला. वर्षात दोन महिने नवरा, दहा महिने नवऱ्याचा फोन.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. छावणीच्या आसपास राहणाऱ्या शंभर बायकांचं हेच आहे. पण गेल्या वर्षी त्याची चोवीस वर्षं पुरी होणार होती. पेन्शन घेऊन तो घरी येणार, इथेच कुठेतरी बँकेत सिक्युरिटीची नोकरी धरणार, सगळं ठरलं होतं. मी तर कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. आणि मग थंडी संपता संपता तो सुट्टीवरून परत निघाला, त्या दिवशी सिकंदराबादच्या एक नंबर फलाटावर त्याचा एक दोस्त भेटला. तोही त्याच गाडीने निघालेला. हसत हसत मला म्हणाला, "भाभी, दो साल और झेलो इनको. एक्स्टेन्शन मिल गया, मिठाई खिलाओ."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चपलेचा अंगठा बघत होता. सही करून दोन महिने झाले होते, आणि महिनाभर सुट्टीत माझ्या शेजारी बसून जेवला होता तो.

माझा राग नाकावर असतो. काउंटरवर सोळा वर्षं काढलेल्या बाईचा असतोच. पण त्या दिवशीचा राग निराळा होता, पोटातून आला होता. मी चारचौघांत म्हणाले, "सांगायचं नव्हतं ना? मग आता परत येताना आपले आपण या. मी घ्यायला येणार नाही. या स्टेशनवर तुमच्यासाठी मी परत पाय ठेवणार नाही."

तो "अगं ऐक" म्हणाला. मी ऐकलं नाही. सिग्नल पडायच्या आत पाठ फिरवली आणि बाहेर चालू लागले. बाबा सोबत होते. ते माझ्या मागे आले नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत, तरी ते खांबाला धरून शेवटचा डबा जाईपर्यंत थांबले आणि मगच हळूहळू बाहेर आले. रिक्षात मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

मग उन्हाळ्यात सीमेवर भडकलं.

त्या दिवसांचं मी जास्त लिहीत नाही. सगळ्यांनी बघितलेलं आहे, टीव्हीवर. टीव्हीवाले ज्या हौसेने ओरडत होते ते बघून माझं डोकं फिरायचं. शेवटी मी टीव्हीची वायरच काढून ठेवली. नवऱ्याचा फोन बंद होता. दिवसातून वीस वेळा लावायचे आणि वीस वेळा ती बाई सांगायची की हा नंबर बंद आहे. पहिल्यांदा हिंदीत, मग तेलुगूत, मग इंग्रजीत. एकोणीस दिवस.

त्या एकोणीस दिवसांत मी रोज कामावर गेले. आमच्या काउंटरला फौजेची पार्सलं येतात. त्या पत्त्यावर गावाचं नाव नसतं, शिपायाचा नंबर, युनिट आणि नुसता एक आकडा. पार्सल नेमकं कुठे जातं ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं आणि घेणारीलाही. पूर्वी मी ती इतर पार्सलांसारखीच वजनकाट्यावर टाकायचे. आता टाकवेना, दोन्ही हातांनी ठेवायचे. एकदा एक म्हातारी लाडवांचा डबा घेऊन आली, कापडात शिवलेला. तिने विचारलं, "बेटा, पहुंचता ना ये?" एरवी मी म्हटलं असतं, अम्मा, रांग मोठी आहे, पुढे व्हा. त्या दिवशी मी म्हणाले, "हौ अम्मा, पहुंचता." मला काय ठाऊक होतं? काही नाही.

मीही त्याला एक पत्र लिहिलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत बसून. त्यात एकच ओळ होती, की मी बोलले ते चुकले. ते पत्र बरेच दिवस पर्समध्ये फिरत राहिलं. दिवसभर लोकांची पत्रं पुढे ढकलणारी मी, माझं एक पत्र पेटीत टाकू शकले नाही. असलं फलाटावर बोललेलं फलाटावरच मागे घ्यायला पाहिजे, असं मनाने घेतलं होतं. तो गाडीतून उतरेल तेव्हा मी समोर उभी असणार, त्याला शोधायची वेळसुद्धा येऊ देणार नाही. बस, एवढं एक होऊ दे. सकाळ-संध्याकाळ त्रिशरण म्हणताना मी हेच मागायचे. बाबा म्हणाले असते की त्रिशरणात काही मागायचं नसतं, म्हणून मी मनातल्या मनात मागायचे.

आमच्या मागच्या गल्लीत एका घरचा माणूस शवपेटीत आला. मी गेले होते. त्या बाईशेजारी बसले, पण तिच्या डोळ्यांत बघू शकले नाही. तिने आपल्या माणसाला नीट निरोप दिला असेल, मी नाही, आणि तरी तिचा आला असा. काही हिशेबच लागत नव्हता.

विसाव्या दिवशी त्याचा फोन आला. माझ्या मोबाइलवर नाही, घरच्या लँडलाइनवर. आमच्याकडे अजून तो फोन आहे. मुलगी हसते त्याला. पण बाबांना रेल्वेच्या कंट्रोलच्या फोनची सवय, दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत उचलतात. रिटायर झाल्यापासून त्यांची खुर्चीच त्या फोनशेजारी असते आणि आता गुडघ्यांमुळे ते एकटे जिना उतरून घराबाहेर पडतच नाहीत. आमच्या ओळखीत सगळ्यांना माहीत आहे, कुणालाच गाठता आलं नाही तर तिथे लावावं, म्हातारा उचलतो.

मी ऑफिसात होते. बाबांनीच बोलून घेतलं. तो खुशाल आहे, त्याचा फोन तिकडेच फुटला, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय, एवढंच. मी घरी आल्यावर बाबांनी सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. नंतरही त्याचे दोन-तीन फोन आले, सगळे दिवसाचे, सगळे बाबांनीच घेतले. मला वाटू लागलं की तो मुद्दाम माझ्या ऑफिसच्या वेळात करतो. मुद्दाम करत असेल तरी मी काय तोंडाने बोलणार होते?

मग जुलैत सुट्टीचा फोन आला. बाबांनी टाइमटेबलच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: गाडीचा नंबर, वार, डबा एस-चार. मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

बाबा म्हणाले, "म्हणला, तिला तकलीफ देऊ नका मामा, मी रिक्षा करून येतो." नवरा बाबांना मामा म्हणतो, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काय म्हणू? फोन ठेवला. घ्यायला जायाचं असतंय, त्यात इचारायचं काय?"

म्हणजे माझं बोलणं त्याने खरं धरलं होतं. मी येणार नाही हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. मला त्या दोन दिवसांत अन्न गोड लागलं नाही.

त्या सकाळी मी रजा टाकली. एकटीच जाणार होते, पण बाबा सहा वाजल्यापासून बूट घालून बसलेले. म्हटलं, गुडघे? तर म्हणाले, गुडघे माझे आहेत. दाराला कुलूप लावून आम्ही निघालो. मी दोन फलाट तिकिटं काढली. स्टेशनात सगळीकडे काम चाललेलं होतं, पत्र्याची कुंपणं, खणून ठेवलेलं, ओळखीचा दर्शनी भाग जागेवर नाही. बाबा थांबून थांबून बघत होते. "हितं घड्याळ होतं," ते म्हणाले. आणखी थोडं पुढे गेल्यावर, "हितं आमची गार्ड लोकांची पेटी ठेवायची खोली होती." पण फलाटावर पोहोचल्यावर त्यांच्यात पुन्हा जोर आला. एका खांबापाशी जाऊन त्यांनी काठी टेकवली. "एस-चार हितं लागतो. ह्या गाडीवर मी काजीपेठपासून काम केलंय."

गाडी साडेनऊला होती. पावणेदहा झाले, दहा झाले. घोषणा दुसऱ्याच गाड्यांच्या होत होत्या. बाबा म्हणाले, "दिल्लीकडची गाडी, अर्धा-पाऊण तास धरायचाच." मीही मान डोलावली. चौकशीच्या खिडकीला जावं असं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. आम्ही कधी गेलोच नाही त्या खिडकीला. गार्डच्या घरची माणसं गाड्यांची चौकशी करत नाहीत. मोबाइलवर दोन बोटांत दिसतं हे मला काय ठाऊक नव्हतं? दिवसभर लोकांना मी हेच सांगत असते, आधी नीट बघा, मग फॉर्म भरा. पण बाबा शेजारी उभे असताना गाडीसाठी मोबाइल काढणं म्हणजे भर पंगतीत त्यांच्या ताटात हात घालण्यासारखं झालं असतं.

सव्वादहाला एक गाडी लागली, दुसरीच. तिच्यातून एक फौजी उतरला, पोरगेलासा, आणि त्याची आई त्याच्या गळ्यात पडली ती सुटेचना. तेलुगूत काहीतरी बोलत होती, त्याचे दंड चाचपून बघत होती. लोक बाजूने वाट काढत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि मनात ते वाक्य घोकत राहिले: मी बोलले ते चुकले. काउंटरवर इतकी बडबडणारी मी, हे चार शब्द शाळेतल्या पोरीसारखे पाठ करत होते.

अकराला मुलीचा फोन आला. "मम्मी, पप्पा आले का?"

"गाडी लेट आहे गं."

"लेट कायकू? मी बघितलं ना. साडेनऊच्या आधीच पोहोचली म्हणून दाखवू लागलंय. चर्लापल्लीला."

"चर्लापल्लीला म्हणजे?"

"मम्मी, ती गाडी आता सिकंदराबादला येतच नाही. तिकडं काम चालू आहे ना, लास्ट स्टॉप चर्लापल्ली आहे. तुम्ही कुठं आहात?"

दीड तास. दीड तासापूर्वी तो उतरला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि फलाटावर त्याने इकडे-तिकडे बघितलं असेल. समोर कुणी नाही. तू म्हणाली होतीस तशीच वागलीस, असंच त्याला वाटलं असणार.

बाबा विचारत होते, "काय झालं? काय म्हणाली?"

आणि मी फिरले त्यांच्यावर. त्याच एक नंबर फलाटावर, त्याच आवाजात. "तुमची रेल्वे कधीच संपली, बाबा. आता गाड्या तुम्हाला विचारून येत नाहीत."

त्यांनी खांबावरचा हात काढून घेतला. मला तेव्हाच कळलं की मी परत तेच केलं, जागा तीच आणि तोंडही तेच. पण मागे घ्यायला वेळ नव्हता, निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

बाहेर रिक्षावाल्याला म्हटलं चर्लापल्ली स्टेशन. तो म्हणाला, "उत्ते दूर? वापस खाली आना पडता, अम्मा." मग त्याने बाबांकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बैठो. चलते."

रस्त्यात ट्रॅफिक होतं. मी शेजारणीला फोन केला, आमच्या दारासमोर कुणी आलंय का बघा. ती म्हणाली, कुणी नाही. म्हणजे तो घरीही गेला नव्हता. मग कुठे गेला? मुलीला विचारलं, तुला पप्पांचा फोन आला का? नाही. त्याच्याकडे फोन नव्हता आणि आमचे मोबाइल नंबर त्याला पाठ असायचं कारण नव्हतं. माझं डोकं चालेना. मी काय केलं असेल? मी आमच्याच घरच्या लँडलाइनवर फोन लावला. कुलूप घातलेल्या घरात. तो एंगेज लागला. मला वाटलं, लाइन बिघडली, आजच बिघडायची होती. मी मोबाइल पर्समध्ये टाकून दिला.

बाबा समोर बघत बसले होते. दोन्ही फलाट तिकिटं त्यांच्या मुठीत होती. उप्पलच्या पुढे कुठेतरी ते पहिल्यांदा बोलले. "तो हलणार नाही."

"दोन तास होत आले बाबा. आणि तो म्हणालाच होता रिक्षाने येतो म्हणून."

"त्याला नियम ठाऊक आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र ठाऊक असल्यासारखा नव्हता.

चर्लापल्लीचं स्टेशन नवंकोरं आहे, काचेचं, विमानतळासारखं. आत शिरल्यावर बाबा गोंधळले. कुठला फलाट कुठे, त्यांना काही कळेना. सरकत्या जिन्याशी थांबून ते म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो." त्यांनी एक फलाट तिकीट माझ्या हातात दिलं. ते सिकंदराबादचं होतं, इथे त्याचा काही उपयोग नव्हता. मी ते मुठीत धरून धावले.

दिल्लीची गाडी कुठल्या फलाटाला लागली होती ते एका हमालाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्टेशनात गाडीची चौकशी केली. त्याने बोट दाखवलं. गाडी तर केव्हाच यार्डात नेली होती. फलाट लांबच्या लांब रिकामा होता, ऊन पसरलेलं, एक बाई झाडू मारत होती. समोर नुसते रूळ.

आणि पार पुढे, जिथे एस-चार थांबला असेल तिथे, तो उभा होता. पायाशी काळी ट्रंक आणि पिशवी. बाकडं दहा पावलांवर होतं, त्यावरही बसला नव्हता. वाळला होता, कानशिलावरचे केस पांढरे झालेले. फेब्रुवारीत ते काळे होते.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. धाप लागली होती. दोन महिने घोकलेलं वाक्य तोंडात होतं, आणि बाहेर काय यावं? "एक फोन नाही करता येत कुणाचा मागून?"

तो हसला. हसताना त्याचे डोळे भरून आले. "केला ना," तो म्हणाला. "त्या चहावाल्याचा मागून घेतला. गाडी इथे थांबली तेव्हा म्हटलं मामांना कळवावं, मी तासाभरात रिक्षाने येतो. घरी लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना."

"घरी कोण असणार?"

"तेच तर. परत लावला. पुरी रिंग झाली. मामा फोन उचलत नाहीत म्हणजे मामा घरात नाहीत. आणि मामा एकटे जिना उतरत नाहीत. तेव्हा कळलं मला, तू निघालीस म्हणून. मग म्हटलं आता हलायचं नाही."

मी एकोणीस दिवस एक बंद फोन कानाला लावून बसले होते. न उचललेल्या फोनचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले, झाडूवालीच्या देखत, मोठ्याने. "मी बोलले ते चुकले," मी म्हणाले. "मी त्या दिवशी शेवटच्या डब्यापर्यंत थांबले नाही."

"मामा थांबले होते. मी दारातून बघितलं." तो म्हणाला. "आणि सही करायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं. तुला तोंड द्यायची हिंमत झाली नाही, खरं सांगतो. तिकडे जायला तेवढी भीती वाटली नाही."

मग बाबा आले, काठी टेकवत, अख्खा फलाट चालून. जावई पाया पडायला वाकला तर त्यांनी त्याला मध्येच धरलं आणि तसंच धरून ठेवलं. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, "गाडी टायमावर होती?"

"पाच मिनिटं आधी, मामा."

बाबांनी मान हलवली. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "बदललंय सगळं. मी इचारायला पाहिजे होतं." माझ्या बाबांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि ते माझ्यामुळे त्यांना म्हणावं लागलं होतं. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "बाबा, मघाशी बोलले ते विसरा. तुमचाच नियम होता म्हणून हा सापडला." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि म्हणाले, "चल, भूक लागली असंल त्याला."

रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो, ट्रंक पायांवर. वीस दिवसांची सुट्टी होती. पुढची दोन वर्षं तशीच उभी होती, सीमाही तिथेच होती, आणि एकविसाव्या दिवशी मी त्याला पुन्हा त्याच नव्या फलाटावर सोडायला येणार होते. उप्पल मागे पडल्यावर मला आठवलं आणि मी सहज म्हणाले, "मीपण वेड्यासारखी घरीच फोन लावला होता. इथून येताना. एंगेज लागला, लाइन बिघडली वाटतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. "किती वाजता?"

मी मोबाइल काढून बघितलं. अकरा छत्तीस.

"बिघडली नाही," तो म्हणाला. "तेव्हा मीच लावला होता. दर अर्ध्या तासाला लावत होतो. न उचललेला ऐकायला बरं वाटत होतं."

बाबांच्या देखत मी त्याचा हात कधी धरला नव्हता, लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी. त्या दिवशी धरला. बाबा बाहेर बघत राहिले, आणि घर येईपर्यंत मी तो सोडला नाही.